नकाशा कचेरींत जाण्यापूर्वीं

'घर पाहावें बांधून' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. बांधकाम सुरू झाल्यावर गवंडी, सुतार, वाळू, सिमेंट आणि पैसा यांची जी ओढाताण होते ती मनांत धरूनच ही म्हण निघाली असावी. मी मात्र आज त्याच्या आधींच्या दिवसांविषयीं बोलणार आहें. म्हणजे भूखंड घेऊन झाला आहे, घराचा नकाशा तयार होऊन हातीं आला आहे, आणि बांधकामाच्या परवानगीचा अर्ज अद्याप नगरपालिकेच्या कचेरींत गेलेला नाहीं, त्या आठ-पंधरा दिवसांविषयीं.

घरासाठीं वीस-पंचवीस वर्षांची शिल्लक खर्चीं पडते. शिवाय कर्ज होतें, आणि त्याचे हप्ते फेडतां फेडतां मुलें मोठीं होतात. एवढ्या मोठ्या व्यवहारांत ज्या कागदावर सर्व कांहीं ठरतें, तो कागद घरांतलीं माणसें सर्वांत कमी वेळ पाहतात. वास्तुशिल्पी नकाशा आणून देतो. त्यावर रेषा असतात, आंकडे असतात, एका कोपऱ्यांत क्षेत्रफळाचें कोष्टक असतें. 'येथें सही करा' असें तो सांगतो; घरचा कर्ता पुरुष सही करतो, आणि नकाशा कचेरीकडे रवाना होतो. पुढें परवानगी मिळाली म्हणजे पेढे वांटले जातात, आणि आपला नकाशा उत्तम असल्याची ग्वाहीच मिळाली असें सर्वांस वाटूं लागतें.

ही समजूत बरोबर नाहीं, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे. कचेरी नकाशाला जे प्रश्न विचारते ते निराळे, आणि त्या घरांत ज्यांना राहावयाचें आहे त्यांनीं विचारावयाचे ते निराळे. हे दुसरे प्रश्न तुमच्या वतीनें कोणतीही कचेरी विचारणार नाहीं. ते घरच्या माणसांनींच विचारले पाहिजेत, आणि सही करण्यापूर्वीं विचारले पाहिजेत.

प्रथम कचेरी काय पाहते तें पाहूं. आपल्या राज्याचा नगररचनेचा कायदा १९६६ सालचा आहे. आणि मुंबई व कांहीं विशेष क्षेत्रें वगळतां बहुतेक महाराष्ट्राला लागू होणारी एकत्रित नियमावली २०२० च्या डिसेंबरांत अमलांत आली. मुंबई शहराची नियमावली वेगळी आहे. जमीन अर्जदाराच्या मालकीची आहे कीं नाहीं, समोरचा रस्ता किती रुंद आहे, घराच्या चारी बाजूंस ठरावीक मोकळें अंतर सोडलें आहे कीं नाहीं, उंची मर्यादेंत आहे कीं नाहीं, आणि भूखंडाच्या मानानें जितकें बांधण्यास मुभा आहे त्याहून अधिक बांधकाम तर नाहीं ना, हें या नियमांप्रमाणें कचेरी तपासते. हल्लीं पुष्कळ शहरांत ही तपासणी प्रथम संगणकाकडून होते, आणि मोकळें अंतर थोडें कमी पडलें तरी तो नकाशा अडवून धरतो.

या नियमांना कोणीं जाच मानूं नये. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगची सांथ आली, आणि तिच्या पाठोपाठ १८९८ मध्यें मुंबईचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्तींत ऊन आणि वारा पोंचत नाहीं, हें रोगाच्या फैलावाचें एक कारण तेव्हां मानलें गेलें. म्हणून त्या ट्रस्टनें ६३.५ अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम घातला. त्याचा सोपा अर्थ असा कीं, इमारत जितकी उंच असेल त्याच्या निम्म्यानें तरी तिच्यासमोर मोकळी जागा असावी. पुढें १९१५ मध्यें मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. भारतांतला त्या प्रकारचा तो पहिला कायदा होय. आज आपण ज्याला सामासिक अंतर म्हणतों त्याच्या मुळाशीं शेजाऱ्याचें ऊन आपण अडवूं नये आणि आपलें त्यानें अडवूं नये हा विचार आहे.

परंतु याच नियमांची दुसरी बाजूही ध्यानांत घेतली पाहिजे. हे सारे नियम किमानाचे आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंत मुख्य राहत्या खोलीचें किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें १०२ चौरस फूट, किमान रुंदी २.४ मीटर, म्हणजे जवळजवळ ८ फूट, आणि उंची २.७५ मीटर, म्हणजे ९ फूट दिलेली आहे. स्वयंपाकघराचें किमान क्षेत्र ५ चौरस मीटर, म्हणजे अवघें ५४ चौरस फूट आहे. याहून लहान खोली नकाशांत असली तर हरकत निघेल. मात्र त्या १०२ चौरस फुटांत तुमचा पलंग, कपाट आणि मुलाचें टेबल मावतें कीं नाहीं, हा प्रश्न संहितेचा नाहीं. किमानाच्या खालीं गेलेलें घर बेकायदा ठरतें. किमानाला शिवणारें घर कायदेशीर असतें, आणि तरीही तें जन्मभर अडचणीचें असूं शकतें.

उदाहरणासाठीं आपण एक कुटुंब कल्पूं. सांगलीस त्यांचा सुमारें ३ गुंठ्यांचा भूखंड आहे. रस्त्याकडील रुंदी ४५ फूट, खोली ७२ फूट, आणि रस्ता पश्चिमेस. घरांत नवराबायको, सत्तरी ओलांडलेली आई आणि शिकणारीं दोन मुलें. खालीं दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि एक खोली; वर तीन खोल्या आणि गच्ची, असा नकाशा त्यांच्या हातीं आला आहे. सही अद्याप व्हावयाची आहे. या मंडळींनीं काय काय पाहावें?

नकाशा घराचा असला तरी पहिली तपासणी जमिनीची करावी. सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर जें क्षेत्र लिहिलेलें आहे तेंच नकाशांत धरलें आहे कीं नाहीं, आणि तेंच प्रत्यक्ष जागेवर भरतें कीं नाहीं, हें पाहावें. कागदावर ४५ फूट असलेली रुंदी कुंपणापासून कुंपणापर्यंत फीत धरली असतां ४३ फूट भरली, तर ते दोन फूट शेवटीं तुमच्याच खोलींतून जाणार. कारण दोन्ही बाजूंचें सामासिक अंतर कमी करतां येत नाहीं. मोजणीचा नकाशा नसेल तर तो आधीं करून घ्यावा. शहराच्या विकास आराखड्यांत पुढचा रस्ता रुंद व्हावयाचा आहे काय, हेंही विचारावें. आणि सांगलीकरांस कृष्णेचा पूर मुद्दाम सांगावयास नको. २००५ आणि २०१९ हीं दोन वर्षें तेथल्या कित्येक भिंतींवर उमटलेलीं आहेत. नदीकांठच्या शहरांत पूररेषा आंखलेल्या असतात. निळ्या रेषेच्या आंत, म्हणजे नदीच्या बाजूस, नवें बांधकाम साधारणतः निषिद्ध असतें; निळ्या आणि लाल रेषांच्या मध्यें तें अटींवर करतां येतें, आणि त्यांतली मुख्य अट जोत्याच्या उंचीची असते. आपला भूखंड कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे हें कळल्यावांचून जोत्याची उंची नकाशांत ठरवणें म्हणजे डोळे मिटून उडी घेणें होय.

जमिनीची खात्री झाली म्हणजे मग खोल्यांकडे वळावें. नकाशा वाचण्याची संवय नसलेल्या माणसास तो हमखास फसवतो. तो बहुधा १:१०० या प्रमाणांत काढलेला असतो; म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या एका मीटरबरोबर. इतक्या लहान आकारांत प्रत्येक खोली ऐसपैस दिसते, कारण ती रिकामी असते. त्यावर साधा उपाय सांगतों. चौकटींचा कागद घेऊन प्रत्येक खोली मोठ्या प्रमाणांत काढावी, आणि घरांत आज जें सामान आहे तें फितीनें मोजून त्याच प्रमाणांत त्याचे तुकडे कापावे व त्या खोलींत मांडून पाहावे. समजा, निजण्याची खोली १० फूट रुंद आणि ११ फूट लांब आहे. क्षेत्र ११० चौरस फूट, किमानाहून अधिक. दोघांचा पलंग ६ फूट रुंद आणि ६॥ फूट लांब धरा. उसें १० फुटी भिंतीस लावलें तर दोन्ही बाजूंस दोन-दोन फूट राहतात आणि पायथ्याशीं साडेचार. समोरच्या भिंतीशीं दोन फूट खोलीचें कपाट ठेवलें कीं मध्यें अडीच फूट उरले. त्यांतच कपाटाचें दार उघडावयाचें आणि त्यांतूनच माणसानें जावयाचें. आतां खोलीचें दार आंत कोणीकडे उघडतें आणि खिडकी कोठें आहे, तें पाहा. टेबलास जागा नाहीं, हें येथें दहा मिनिटांत कळतें. घर बांधून झाल्यावर तें कळण्यास लाखो रुपये पडतात. खोलीचीं मापें भिंतींच्या आंतल्या अंगानें घेतलेलीं आहेत कीं भिंतींच्या मध्यापासून, हेंही विचारून घ्यावें. नऊ इंची भिंतींच्या घरांत त्यामुळें पाऊण फुटाचा फरक पडतो.

दुसरा उपाय याहून चांगला. गवंडी पाया खणण्यापूर्वीं जमिनीवर चुन्याची फक्की टाकून घर आंखतोच. तीच फक्की अर्ज करण्यापूर्वीं आपण टाकावी. एखाद्या रविवारीं सर्व कुटुंबानें भूखंडावर जावें, खालच्या मजल्याचा नकाशा फितीनें मोजून जमिनीवर काढावा, दारांच्या जागा मोकळ्या सोडाव्या, आणि त्या घरांत तासभर राहावें. बाहेरून भाजी घेऊन यावें, पाहुण्यांना बसवावें, स्वयंपाकघरांतून पाण्याचे पेले आणून द्यावे. आईनें आपल्या खोलींतून न्हाणीघरापर्यंत रात्रीं जाते तसें चालून पाहावें. वाट दिवाणखान्यांतून जात असेल, तर पाहुणे असतांना तिची काय स्थिति होईल हें कोणी सांगण्याची गरज राहणार नाहीं.

जिन्याकडे तर फारच थोड्यांचें लक्ष जातें. कागदावर जिना म्हणजे कांहीं आडव्या रेषा. पण वृद्धांचीं हाडें मोडतात तीं पुष्कळदां येथेंच. एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंतची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच धरूं. घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साडेसात इंच उंच, आणि २५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १० इंच रुंद असली तरी संहितेस चालते. या हिशेबानें चढावयाच्या उंच्या १६ झाल्या. मध्यें वळण घेऊन जिना दोन भागांत केला, तर एका भागांत ८ उंच्या आणि त्यांच्यामधल्या ७ पायऱ्या. त्यांस ७० इंच, म्हणजे ५ फूट १० इंच लांबी लागते. आतां म्हाताऱ्या माणसास सोसेल असा जिना घ्या: पायरी ६ इंच उंच आणि ११ इंच रुंद. उंच्या २० होतात. एका भागांत १० उंच्या आणि ९ पायऱ्या. लांबी ९९ इंच, म्हणजे ८ फूट ३ इंच. दोहोंमधला फरक सुमारें अडीच फूट. नकाशा करणारा दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून हे अडीच फूट जिन्यांतून काढतो, आणि आपण दिवाणखाना पाहून खूष होतों. दिवाणखान्यांत अडीच फूट कमी झाल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. उभ्या जिन्यानें मात्र रोज बिघडतें. जिन्याची रुंदी आणि वळण पाहतांना आणखी एक कठोर प्रश्न विचारावा: वरच्या मजल्यावरच्या आजारी माणसास खाटेवर निजवून खालीं आणावें लागलें, तर ती खाट या वळणावर फिरेल काय?

आजाराचा विषय निघाला म्हणून सांगतों. घर बांधणारीं माणसें बहुधा चाळिशीच्या आसपासचीं असतात आणि नकाशा आपल्या आजच्या प्रकृतीच्या मापानें करून घेतात. पण घर पन्नास वर्षें उभें राहतें. म्हणून खालच्या मजल्यावर एक निजण्याची खोली आणि तिला लागून न्हाणीघर व शौचकूप असावें, मधें उंबरठा किंवा पायरी नसावी. शौचकूपाचें दार पुष्कळ नकाशांत अडीच फुटी असतें. तें तीन फुटी असलें तर चाकांची खुर्ची आंत जाऊं शकते, आणि सोबतच्या माणसास हात देतां येतो. दार आंत उघडणारें असेल आणि आंतला माणूस चक्कर येऊन दाराशींच पडला, तर तें दार बाहेरून ढकलून उघडत नाहीं. बाहेर उघडणारें दार काढण्यास नकाशांत एक कमान उलट फिरवावी लागते. दुसरा कांहीं खर्च नाहीं.

स्वयंपाकघराच्या बाबतींत तर एक विचित्र गोष्ट पाहावयास मिळते. नकाशावर सही करणारा बहुतेक घरांत पुरुष असतो, आणि घराच्या ज्या भागांत सर्वांत अधिक श्रम व्हावयाचे आहेत त्याच्याशीं त्याचा संबंध जेवण्यापुरता. जी बाई दिवसाचे चार-पांच तास ओट्यापाशीं उभी राहणार, ती ओटा प्रथम पाहते वास्तुशांतीच्या दिवशीं. हें उलट झालें पाहिजे. स्वयंपाकघराचा कागद तिच्या हातीं द्यावा, आणि स्वयंपाक कोणीही करीत असो, करणाऱ्याचा शब्द तेथें शेवटचा मानावा. शेगडी, भांडीं घांसण्याची जागा आणि फ्रीज यांमधलें अंतर किती? शेगडीसमोर उभें राहिलें असतां उजेड समोरून येतो कीं पाठीमागून? वर्षाचे गहू-तांदूळ भरण्याची घरची रीत असेल, तर त्यांस जागा कोठें? धुणें कोठें धुवावयाचें आणि पावसाळ्यांत कोठें वाळत घालावयाचें? या प्रश्नांचीं उत्तरें नकाशांत सांपडत नसतील, तर नकाशा अजून पुरा झालेला नाहीं.

आतां ऊन आणि वारा. आपल्या कल्पिलेल्या घराचा रस्ता पश्चिमेस आहे, तेव्हां समोरून शोभा यावी म्हणून वरच्या निजण्याच्या खोल्या पश्चिमेस काढलेल्या असण्याचा संभव फार. सांगलीस मे महिन्याच्या सुरुवातीस भर दुपारीं सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळें गच्ची तापते. त्यानंतर तो पश्चिमेकडे कलला कीं त्याचे किरण तिरपे येऊन थेट भिंतीवर आणि खिडकींत शिरतात. दक्षिणेचें ऊन दोन फुटी छज्जानें अडतें. पश्चिमेचें ऊन खालून येत असल्यानें छज्जाला दाद देत नाहीं. भिंत संध्याकाळपर्यंत तापते आणि रात्रीं ती उष्णता खोलींत सोडते. म्हणून जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली हीं शक्य तर पश्चिमेस टाकावीं, आणि निजण्याच्या खोल्यांस पूर्व किंवा उत्तर द्यावी. खिडक्यांच्या मापाविषयीं संहितेचा दंडक असा कीं, उष्ण व कोरड्या हवेच्या प्रदेशांत खिडक्यांचें क्षेत्र खोलीच्या एक-दशांश आणि उष्ण व दमट प्रदेशांत एक-षष्ठांश तरी असावें. पण एकाच भिंतींत मोठी खिडकी ठेवल्यानें वारा खेळत नाहीं; त्याला येण्यास एक वाट आणि जाण्यास दुसरी लागते. प्रत्येक खोलीवर बोट ठेवून विचारावें: वारा येथें कोठून शिरेल आणि कोठून बाहेर पडेल?

वास्तुशास्त्रावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनीं तोही सल्ला याच वेळीं घेऊन मोकळें व्हावें. एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या मनांत शंका असेल तर ती आज बोलावी. स्लॅब पडल्यावर स्वयंपाकघराची दिशा बदलण्याची टूम निघाली म्हणजे पैसाही जातो आणि घरांतलें सौख्यही जातें.

आणखी एका माणसास हा नकाशा परवानगीपूर्वीं दाखवला पाहिजे. तो म्हणजे इमारतीच्या मजबुतीचें गणित करणारा अभियंता. पुष्कळ ठिकाणीं त्याला परवानगी मिळाल्यावर बोलावतात, आणि मग तो सांगतो कीं खांब दिवाणखान्याच्या मधोमध येतो. याहून मोठा धोका खालचा मजला मोटारींसाठीं केवळ खांबांवर उघडा ठेवण्यांत असतो. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपांत, भूकंपाच्या केंद्रापासून दूर असलेल्या अहमदाबादेंतही अशा उघड्या तळमजल्याच्या कित्येक इमारती कोसळल्या. वरचे मजले भिंतींनीं ताठ, आणि खालचा मजला नुसत्या काठ्यांवर उभा, हें त्याचें एक प्रमुख कारण ठरलें. आपल्याकडेही ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस धरणी हादरली. किल्लारीचा परिसर भूकंपाच्या दृष्टीनें निर्धास्त मानला जात असे. तेथें जड धाब्यांच्या आणि मातींत रचलेल्या दगडी भिंतींच्या घरांखालीं हजारो माणसें गेलीं. तळमजला उघडा ठेवणें निषिद्ध नाहीं. पण त्यासाठीं खांबांचें आणि भिंतींचें गणित वेगळें करावें लागतें, आणि तें गणित नकाशाचा आकार बदलूं शकतें. म्हणून तें आधीं झालें पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढी घाई कसली? परवानगी तर काढून घेऊं. पुढें बांधतां बांधतां बदलूं. हा विचार फार घरांना महाग पडला आहे. मंजूर नकाशाप्रमाणें बांधणें ही परवानगीची अट असते. जोत्यापर्यंत काम आलें कीं त्याची तपासणी होते. शेवटीं भोगवटा प्रमाणपत्र मिळावयाचें तें बांधलेलें घर मंजूर नकाशाशीं जुळलें तर. मधें जिना सरकला, खोली वाढली, सज्जा बंद केला, तर सुधारित नकाशा पुन्हां मंजूर करून घ्यावा लागतो. त्याला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात. मंजुरीवांचून केलेलें बांधकाम काढून टाकण्याची नोटीस देण्याचा अधिकार १९६६ च्या कायद्यानें दिलेला आहे. शिवाय परवानगीची मुदत एक वर्षाची असते. ती वर्षावर्षानें वाढवून मिळते, पण ती वाढ एकंदर तीन वर्षांपलीकडे जात नाहीं. म्हणजे परवानगी हातीं आल्या दिवसापासून घड्याळ चालू होतें. चुकलेली भिंत आज खोडरबरानें पुसली जाते. उद्यां तीच भिंत पाडण्यास पहार लागते, आणि परवा त्यासाठीं पुन्हां अर्ज लागतो.

एक मोह मात्र या सर्व तपासणीस निष्फळ करतो. तो म्हणजे मिळेल तितकें सारें बांधण्याचा. नियमानें इतके चौरस फूट बांधतां येतात, मग एकही कां सोडावा, असें पुष्कळांस वाटतें. मर्यादा म्हणजे आज्ञा नव्हे. घराला खर्च लागतो तसाच तें झाडण्यास, पुसण्यास, रंगवण्यास आणि दुरुस्त करण्यासही लागतो. आणि मुलें परगांवीं गेल्यावर वरच्या तीन खोल्यांत दोन म्हाताऱ्या माणसांनीं काय करावयाचें, हाही प्रश्न आजच विचारण्यासारखा आहे. आज थोडकें बांधून पुढें वाढवण्याची सोय नकाशांत ठेवतां येते. मात्र पाया आणि खांब पुढच्या मजल्याचा भार धरून आजच आंखले पाहिजेत.

हे सर्व प्रश्न ऐकून वास्तुशिल्पी रागावेल अशी भीति बाळगूं नये. चांगल्या वास्तुशिल्प्यास अशीं माणसें हवींच असतात. कारण कुटुंबाची दिनचर्या त्याला ठाऊक नसते, ती त्यांनींच सांगावयाची असते. आपण पेन्सिल घेऊन त्याच्या नकाशावर नव्या भिंती काढूं नयेत. तें काम त्याचें. 'ही भिंत इकडे घ्या' असें म्हणण्यापेक्षां 'आईला रात्रीं दिवाणखाना ओलांडावा लागतो' असें सांगावें. अडचण नेमकी कळली म्हणजे तोडगा तो आपल्याहून चांगला काढील. जें ठरेल तें लिहून ठेवावें, आणि सुधारलेल्या नकाशांत तें उतरलें आहे कीं नाहीं हें ताडून पाहावें.

तेव्हां, श्रोतेहो, ज्यांच्या घरीं असा नकाशा आज मेजावर गुंडाळून पडला असेल, त्यांना माझी विनंती एवढीच कीं, सही आठ दिवस लांबवा. पहिल्या दिवशीं जमिनीचे कागद आणि फीत घ्या. दुसऱ्या दिवशीं सामानाचे तुकडे कापा. एक संध्याकाळ जिन्यास आणि एक संध्याकाळ स्वयंपाकघरास द्या. रविवारीं फक्की टाकून घरांत फिरून या. घरांतल्या प्रत्येकास, लहान मुलांससुद्धां, एक एक प्रश्न विचारूं द्या. आणि ज्यांचे पाय थकले आहेत त्यांस सर्वांत आधीं. अर्ज आठ दिवस उशिरां गेला म्हणून घराचें कांहीं अडत नाहीं. त्या आठ दिवसांत आईची खोली न्हाणीघराशेजारीं आली, तर ती पुढचीं कित्येक वर्षें रात्रीं कोणासही न उठवतां, भिंतीस हात लावून, सुखरूप जाऊन येईल.